चोवीस पाने

जून महिन्यातील एका शनिवारची संध्याकाळ होती. पहिला जोराचा पाऊस नुकताच होऊन गेला होता. गोवंडी स्थानकाबाहेरच्या रस्त्यावर पाणी साचले होते. अशा वेळी आमच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. तिच्या खांद्याला मोठी, काळी, सपाट पिशवी होती. पिशवीचा एक कोपरा भिजून मऊ पडला होता.

ती आमच्या शाळेची विद्यार्थिनी. शिवाजीनगरमध्ये राहते. सहा वर्षांपूर्वी ती उर्दू माध्यमातून दहावी झाली. शाळेत असतानाच तिने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या होत्या. पुढे बारावी करून तिने उपयोजित कलेच्या पदवीला प्रवेश घेतला. चार वर्षांचा तो अभ्यासक्रम नुकताच संपला होता.

“सर, आज मुलाखत होती,” ती म्हणाली.

“कशी झाली?”

“चार मिनिटांत झाली.”

तिने पिशवी उघडून दाखवली. आत मोठ्या आकाराचे अडतीस कागद होते. भित्तिपत्रके, पुस्तकांची मुखपृष्ठे, बोधचिन्हे, खोक्यांची वेष्टने, सारे काही होते. मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी ते कागद भराभर उलटले होते. फक्त एका लग्नपत्रिकेजवळ ते थांबले. पत्रिकेवर वेलबुट्टीची सुंदर नक्षी होती. त्यांनी विचारले, “ही नक्षी छान आहे. यात तुझे काम कोणते?”

तिला उत्तर देता आले नाही. नक्षी तिच्या अब्बांची होती. तिचे अब्बा जरीचे कारागीर आहेत. कागदावर त्यांचे नाव कोठेच नव्हते. “कळवतो,” एवढे म्हणून त्या गृहस्थांनी पिशवी परत केली.

तिच्यासमोर आता दोनच आठवडे होते. पुढची मुलाखत एका छपाई-संस्थेत होती. त्या दोन आठवड्यांत तिने आपला पोर्टफोलिओ नव्याने तयार केला. तो कसा तयार झाला ते मी जवळून पाहिले. तुमच्यापैकी कोणी पुढे या वाटेने जाणार असेल, तर त्याला ते सांगण्याजोगे आहे.

प्रथम ‘पोर्टफोलिओ’ म्हणजे काय ते पाहू. हा शब्द इटालियन भाषेतून आला आहे. ‘पाने वाहून नेण्याचे साधन’ असा त्याचा मूळ अर्थ आहे. चित्रकार, छायाचित्रकार, वास्तुशिल्पी आपल्या निवडक कामांचा एक संग्रह करतात आणि काम मागायला जाताना तो सोबत नेतात. गुणपत्रिकेवरून तुम्हांला किती गुण मिळाले ते कळते. पोर्टफोलिओवरून तुम्हांला काय करता येते ते कळते. म्हणून या व्यवसायात गुणपत्रिका पुष्कळदा कोणी मागतही नाही.

उर्दू वाचणाऱ्यांना ही कल्पना नवी वाटू नये. ‘मुरक्का’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. मोगल बादशहांच्या काळी चित्रे आणि सुलेखनाचे नमुने एकत्र बांधून असे मुरक्के तयार करीत. जहांगीर बादशहाचा ‘गुलशन’ नावाचा मुरक्का आज तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्याच्या ग्रंथालयात आहे. या मुरक्क्यांत एक शिस्त असे. समोरासमोरच्या दोन पानांवर चित्रे, मग पुढच्या दोन पानांवर सुलेखन, मग पुन्हा चित्रे. प्रत्येक पानाच्या हाशियावर, म्हणजे मराठीत ज्याला आपण समास म्हणतो त्यावर, वेगळी नक्षी असे. कोणते चित्र कोणाच्या समोर येणार याचा विचार करणारा माणूस तेव्हाही होता. चुगताई या चित्रकाराने गालिबच्या काव्यावर चित्रे काढली आणि १९२८ साली ‘मुरक्का-ए-चुगताई’ छापला, तेव्हाही त्याने हेच जुने नाव घेतले.

मुंबईत उपयोजित कलेचे शिक्षण बरेच जुने आहे. सर ज. जी. कला शाळा १८५७ साली सुरू झाली. लोक तिला ‘जे. जे.’ म्हणून ओळखतात. तेथे १९३५ साली व्यापारी कलेचा विभाग निघाला आणि १९६१ साली त्याची स्वतंत्र संस्था झाली. २०२३ साली जे. जे. ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. गोवंडीच्या मुलांना ही जागा सोयीची आहे. हार्बर मार्गाची गाडी पकडली, की शेवटच्या स्थानकावर उतरून चालत जाता येते. या संस्थेत विद्यार्थ्यांच्या कामांचे वार्षिक प्रदर्शन भरते आणि ते कोणालाही पाहता येते. मी तर म्हणेन, दहावीत असतानाच एकदा जाऊन यावे.

आपल्या मराठी अक्षरांना रूप देणारे कितीतरी लोक या क्षेत्रात होऊन गेले. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी असंख्य मराठी पुस्तकांची मुखपृष्ठे केली. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची नावे अशी काही लिहिली, की नुसत्या अक्षरांवरून नाटक विनोदी आहे की गंभीर, ते कळावे. त्यांच्या अक्षरांचा संग्रह ‘कमलाक्षरं’ या नावाने पुस्तकरूपाने निघाला.

आता पुन्हा त्या मुलीकडे येऊ.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिच्या घरी एकच मोठी खोली आहे. त्या खोलीत अब्बांचा अड्डा असतो. अड्डा म्हणजे कापड ताणून बांधण्याची लाकडी चौकट. कारागीर तिच्याभोवती बसून आरीने भरतकाम करतात. रविवारी अड्डा उचलून भिंतीला टेकवला, आणि अडतीस कागद जमिनीवर पसरले. अम्मी, धाकटा भाऊ, अब्बा, सारे कडेने उभे राहिले. पाय ठेवायला जागा उरली नाही.

“यांतले कोणते काढू?” तिने विचारले.

मी म्हणालो, “मला विचारू नकोस. प्रत्येक कागदाजवळ उभी राहा आणि हे का केलेस ते दोन वाक्यांत सांग. ज्याविषयी सांगता येणार नाही ते काढून टाक.”

हा उपाय फार उपयोगी पडला. एका परदेशी अत्तराची जाहिरात होती. दिसायला चकचकीत. तिच्याविषयी तिला काहीच सांगता येईना. शेवटी ती म्हणाली, “सर, खरे सांगू? ही मी एका मासिकात पाहून केली होती.” तो कागद बाजूला गेला. एकाच बोधचिन्हाचे सात रंगांतले सात कागद होते. त्यांतला एक राहिला. पहिल्या वर्षाची पानाफुलांची चित्रे होती. ती अम्मींना फार आवडत. अम्मींनी ती भिंतीवर लावायला मागून घेतली, आणि तो प्रश्नही सुटला.

काही कामे चारपाच मुलांनी मिळून केली होती. अशा वेळी काय करावे? काम चांगले असेल तर ते जरूर ठेवावे. मात्र त्याच्याखाली आपला वाटा स्पष्ट लिहावा. ‘क्षयरोगाविषयी भित्तिपत्रक. मजकूर व छायाचित्र सहकाऱ्यांचे, अक्षरे व मांडणी माझी.’ एवढे पुरे. मुलाखत घेणारे लोक अनुभवी असतात. एकाच महाविद्यालयातून आलेल्या चार मुलांच्या पिशव्यांत तेच भित्तिपत्रक त्यांना दिसते. चौघेही ‘हे मी केले’ म्हणू लागले, तर ते कोणावर विश्वास ठेवतील?

शेवटी लग्नपत्रिकेची पाळी आली. ती चुलतबहिणीच्या लग्नासाठी केलेली होती. प्रत्यक्ष छापली गेलेली आणि लोकांच्या हातांत पडलेली तिची ती एकच कृती. ती काढून टाकावी असे तिला वाटत होते.

“का काढतेस?” अब्बांनी विचारले.

“नक्षी तुमची आहे, अब्बा. मला विचारले तर काय सांगू?”

“सांग की अब्बांची आहे. त्यात लाजायचे काय?”

“लाजत नाही मी. पण मग माझे काय राहिले?”

या प्रश्नावर आम्ही बराच वेळ बोललो. जरीकामात आधी ‘खाका’ तयार करतात. ट्रेसिंगच्या कागदावर नक्षी काढायची. मग रेषांवरून सुईने अगदी बारीक भोके पाडत जायचे. तो कागद कापडावर ठेवून त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेल्या भुकटीचा बोळा फिरवायचा. भोकांतून रंग खाली उतरतो आणि कापडावर ठिपक्यांची नक्षी उमटते. मग त्या ठिपक्यांवरून भरतकाम होते. एकाच खाक्यावरून कितीतरी ओढण्या निघतात. विचार करा, हीसुद्धा एक छपाईच आहे! रेशमी जाळीतून शाई ढकलून पत्रिका छापतात, ते स्क्रीन प्रिंटिंगही याच तत्त्वावर चालते.

अब्बांचा खाका चार फुटांचा होता, ओढणीच्या काठासाठी केलेला. तिने त्यातला एकच कोपरा निवडला होता. तो लहान केल्यावर रेषा एकमेकींना चिकटू लागल्या. म्हणून तिने निम्म्या पाकळ्या काढून टाकल्या आणि रेषांची जाडी बदलली. मधल्या मोकळ्या जागेत उर्दू आणि इंग्रजी मजकूर बसवला. म्हणजे तिचे काम कमी नव्हते. ते कोणाला दिसत नव्हते, इतकेच. तेव्हा तिने ठरवले की या पत्रिकेला दोन पाने द्यायची. एका पानावर अब्बांच्या खाक्याचे छायाचित्र. समोरच्या पानावर तयार पत्रिका. मध्ये तिची कच्ची रेखाटने, चुकलेली सुद्धा. खाली दोन ओळी: खाका अब्बांचा, त्यांच्या पूर्ण नावासह. मांडणी व अक्षरे तिची.

कच्ची रेखाटने दाखवावीत की नाही, याविषयी विद्यार्थी नेहमी घाबरतात. ती सगळी दाखवू नयेत, पण दोनतीन कामांची अवश्य दाखवावीत. तुम्ही कसा विचार करता, कोठे अडता, कशी वाट काढता, हे त्यांतूनच कळते.

संध्याकाळपर्यंत अडतीस कागदांतून अकरा कामे उरली. अकरा पुरेत. सर्वांत चांगले काम पहिले ठेवायचे आणि दुसऱ्या क्रमांकाचे अगदी शेवटी. पाहणाऱ्याला सुरुवात आणि शेवट अधिक लक्षात राहतात. शाळेच्या वाचनालयासाठी केलेले भित्तिपत्रक तिने पहिले ठेवायचे ठरवले.

पुढचा प्रश्न आकाराचा होता. मोठी पिशवी घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढणे म्हणजे काय, ते हार्बर मार्गावरच्या प्रवाशांना सांगायला नको. शिवाय मुलाखतीच्या टेबलावर चहाचे कप, फोन आणि फाइली असतात. तेवढ्या जागेत मोठे कागद पसरायचे कोठे? तिने पुस्तिका करायचे ठरवले.

कागदांचे जे ए-३, ए-४ असे आकार आपण ऐकतो, त्यांत एक गंमत आहे. हे आकार जर्मनीत १९२२ साली प्रमाण म्हणून ठरवले गेले. ए-० या सर्वांत मोठ्या कागदाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर असते. तो मधोमध कापला की दोन ए-१ होतात. ए-१ कापला की दोन ए-२. असे करत चौथ्या वेळी ए-४ मिळतो, म्हणजे एक चौरस मीटरचा सोळावा भाग. प्रत्येक वेळी लांबी आणि रुंदी यांचे प्रमाण तेच राहते. दोनच्या वर्गमुळास एक, हे ते प्रमाण. त्यामुळे मोठे भित्तिपत्रक लहान पानावर छापले, तरी कडेला वेडीवाकडी मोकळी जागा सुटत नाही.

ए-३ कागद ४२० मिलिमीटर लांब आणि २९७ मिलिमीटर रुंद असतो. तो मधोमध दुमडला की ए-४ आकाराची चार पाने होतात. सहा कागद एकात एक घालून दुमडले की चोवीस पाने. तिच्या अकरा कामांना, परिचयाला आणि पत्त्याला चोवीस पाने नेमकी पुरत होती. अशा पुस्तिकेची पाने नेहमी चारच्या पटीतच ठेवावी लागतात, हे ध्यानात असू द्या.

छापण्यापूर्वी तिने जुन्या वर्तमानपत्राच्या कागदाचा एक नमुना केला आणि त्यावर पानांचे आकडे घातले. मग तो उलगडून पाहिला. सर्वांत बाहेरच्या कागदावर एका बाजूला पान १ आणि २४ शेजारी आले होते, तर मागे २ आणि २३. कोणत्याही कागदावरच्या शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज २५ येत होती. तुम्हीही हे घरी करून पाहा. पान १२ आणि १३ मात्र समोरासमोरही येतात आणि एकाच कागदावरही असतात. म्हणून दोन पानांवर पसरणारे मोठे चित्र तेथेच ठेवणे बरे. इतर ठिकाणी चित्राचे दोन तुकडे दोन वेगळ्या कागदांवर छापले जातात. केसभर जरी कागद सरकला तरी जोड चुकतो.

यानंतर एक अडचण आली. ती इंग्रजी किंवा मराठी शाळेतल्या मुलांना कदाचित कधीच येणार नाही. तिची काही कामे उर्दूत होती, काही मराठीत, काही इंग्रजीत. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडते. मराठी पुस्तक डावीकडून. मग पुस्तिकेची शिवण कोणत्या बाजूला ठेवायची? तिच्या मनात आले की उर्दू कामे मागच्या बाजूने सुरू करावीत, म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडणारी पुस्तिका होईल. कल्पना मोठी छान होती. पण घाईत असलेला मनुष्य मागची बाजू उघडेलच असे नाही, आणि मग अर्धे काम न पाहताच राहील. तिने पुस्तिका डावीकडून उघडणारीच ठेवली. मात्र जेथे समोरासमोरची दोन्ही पाने उर्दूची होती, तेथे आधी वाचायचे पान उजवीकडे ठेवले. उर्दू वाचणाऱ्याची नजर आपोआप तेथे जाते. न वाचणाऱ्याचे काही अडत नाही.

आता छपाई. येथे बहुतेक विद्यार्थ्यांची फसगत होते, कारण पडद्यावर दिसते तसे कागदावर उतरत नाही. संगणकाचा पडदा लाल, हिरवा आणि निळा असा तीन रंगांचा प्रकाश मिसळून रंग दाखवतो. छापखान्यात प्रकाश नसतो, शाई असते. निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया. त्यांचे बारीक ठिपके एकमेकांशेजारी पडतात आणि आपल्या डोळ्याला मिश्र रंग दिसतो. वर्तमानपत्रातले रंगीत चित्र भिंगाखाली धरा, म्हणजे ठिपके दिसतील. पडद्यावरचा झगझगीत निळा किंवा पोपटी रंग या चार शायांत सापडत नाही. तिच्या पत्रिकेचा निळा रंग पहिल्या छपाईत चक्क जांभळा आला.

दुसरी गोष्ट छायाचित्रांची. चांगल्या छपाईसाठी एका इंचात ३०० चित्रबिंदू हवेत असा संकेत आहे. ए-३ कागदाची लांबी साडेसोळा इंच. म्हणजे तेवढे चित्र छापायला जवळजवळ ५००० बिंदूंची रुंदी लागते. मैत्रिणीने फोनवरून पाठवलेले एक छायाचित्र तिला दोन पानांवर पसरायचे होते. त्याची रुंदी होती १६०० बिंदू. भागाकार करा. सव्वापाच इंचांपेक्षा थोडेच अधिक. ते फोनच्या पडद्यावर सुरेख दिसत होते. छापले असते तर धुरकट आले असते. तिने मूळ छायाचित्र पुन्हा मागवले. पानाच्या कडेपर्यंत जाणारे चित्र मात्र कडेच्या पलीकडे तीन मिलिमीटर वाढवून ठेवावे. कापताना सुरी थोडी सरकली तरी पांढरी रेघ दिसत नाही.

आणि मग ती चूक झाली. पहिल्या नमुना-छपाईसाठी ती एका दुकानात गेली. तेथे काम करणारा मुलगा चुणचुणीत होता, पण त्याला उर्दू येत नव्हते. वाचनालयाच्या भित्तिपत्रकावर मोठ्या अक्षरांत ‘किताब’ लिहिले होते. छापून आले तेव्हा काफ़, ते, अलिफ़, बे अशी अक्षरे सुटी सुटी पडली होती, आणि तीही उलट्या क्रमाने! मराठी मजकुराचीही दशा झाली होती. ‘विद्यार्थी’ मधला रफार खाली उतरून वेगळा उभा होता. पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे येण्याऐवजी मागे गेली होती. दुकानदाराला त्यात काही चुकले असे वाटलेच नाही. तो म्हणाला, “डिझाइन असेल म्हणून आम्ही तसेच छापले.”

असे का होते? संगणक अक्षर साठवताना त्याचे चित्र साठवत नाही, फक्त कोणते अक्षर ते साठवतो. चित्र असते फॉन्टमध्ये. तो फॉन्ट दुकानाच्या संगणकावर नसला आणि आपल्या फाइलमध्येही घातलेला नसला, तर संगणक दुसरा कोणता तरी फॉन्ट वापरतो. इंग्रजीत त्यामुळे फक्त वळण बदलते. उर्दूत तसे चालत नाही. तेथे एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळे रूप घेते. मराठीत जोडाक्षरे असतात. अक्षरे कशी जोडायची हे ज्याला ठाऊक नाही, त्या संगणकाच्या हाती हा मजकूर मोडतो.

ही जोडणी संगणकाला शिकवण्यासाठी पुष्कळ लोक राबले आहेत. नव्वदच्या दशकात संगणक रुळेपर्यंत उर्दू दैनिकांची पाने कातिब हाताने लिहीत. १९८१ साली ‘नूरी नस्तालीक’ हे संगणकीय अक्षरवळण आले. त्यासाठी मिर्झा अहमद जमील यांनी हजारो शब्दखंड एकेक करून लिहून काढले. त्यांचे कलाशिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्येच झाले होते. देवनागरीसाठी असेच काम रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांनी केले. तेही जे. जे. चेच विद्यार्थी. पुढे त्यांनी पवईच्या आय. आय. टी. मधील औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवले. विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचा. नूरी हे नाव जमील यांच्या वडिलांच्या नावावरून आले आहे.

यावर उपाय साधा आहे. फाइल देताना फॉन्ट तिच्यातच बसवून द्यावा, किंवा अक्षरांच्या बाह्यरेषा करून त्यांचे चित्रच करून टाकावे. पण एकदा चित्र केले की शुद्धलेखनाची चूक सुधारता येत नाही. म्हणून मूळ फाइल वेगळी जपावी आणि मजकूर आधी दोघांकडून तपासून घ्यावा. उर्दू मजकूर तिच्या अब्बांनी तपासला. मराठी मजकूर मी तपासला, आणि त्यात मला तीन चुका सापडल्या. पैकी एक माझ्याच शाळेच्या नावात होती!

त्या फुकट गेलेल्या नमुन्याचे पैसे अब्बांनी दिले होते. ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या वेळी सगळी पाने छापायची नाहीत, आधी एकच कागद छापून पाहायचा, असे तिने स्वतःच ठरवले. तो कागद तिने दुकानाच्या बाहेर उन्हात नेऊन पाहिला. ट्यूबलाइटखाली रंग वेगळे दिसतात.

कागदाची निवड करताना ‘जी.एस.एम.’ हे शब्द कानांवर पडतात. एक चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम, असा त्यांचा अर्थ. झेरॉक्सचा कागद बहुधा ७५ ते ८० चा असतो. त्यावर मागची छपाई पुढे दिसते. तिने आतल्या पाच कागदांसाठी १५० चा आणि मुखपृष्ठासाठी २५० चा कागद घेतला, दोन्ही बिनचकाकीचे. चकचकीत कागदावर दिव्याचा उजेड पडतो आणि पाहणाऱ्याला पुस्तिका सारखी तिरकी करावी लागते. ए-३ हा चौरस मीटरचा आठवा भाग असतो. त्यावरून हिशेब केला, तर संपूर्ण पुस्तिकेचे वजन भरते सव्वाशे ग्रॅम. अडतीस कागदांच्या पिशवीशी तुलना करून पाहा.

जाड कागद दुमडताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. कागदातले तंतू एका दिशेने पसरलेले असतात. कागद हलकेच वाकवून पाहिला, की एका दिशेने तो सहज वाकतो आणि दुसरीकडे अडतो. सहज वाकतो त्या घडीनेच तो दुमडावा. नाहीतर घडीवर शाई तडकून पांढरी भेग दिसते.

आता बांधणी उरली. दुकानात पुस्तिकेला तारेच्या दोन पिना मारून देतात. पावसाळ्यात त्या पिना गंजतात, अशी तिला भीती वाटत होती. ती नमुना हातात घेऊन विचार करीत बसली होती. अब्बा अड्ड्यावरून उठले आणि त्यांनी सहा कागद सरळ केले.

“किती भोके हवीत?” त्यांनी विचारले.

“पाच,” ती म्हणाली.

त्यांनी खाक्याच्याच सुईने घडीवर पाच भोके पाडली. मेण लावलेला पांढरा दोरा घेतला. मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, असे करीत पुन्हा मध्ये आणून गाठ मारली. “हा टाका सुटणार नाही,” ते म्हणाले. दुमडलेल्या सहा कागदांत आतले कागद थोडे बाहेर डोकावतात. म्हणून शिवण झाल्यावर पुढची कड एकदा सरळ कापून घेतली. तिने तीन प्रती केल्या. एक मुलाखतीत ठेवून येण्यासाठी, एक जपून ठेवण्यासाठी आणि एक अब्बांसाठी.

एक गोष्ट सांगायची राहिली. २०२३ च्या फेब्रुवारीत नटवर पारेख कंपाउंडमध्ये ‘गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल’ भरले होते. आपल्या वस्तीतील मुलामुलींची छायाचित्रे, चित्रे, गाणी आणि नाटके तेथे होती. ही मुलगी ते पाहायला गेली होती. गोवंडी म्हटले की लोकांना देवनारची कचराभूमी आठवते, याचा तिला राग येतो. पुस्तिकेतील परिचयात पत्ता लिहावा की नाही, यावर ती अडली होती. शेवटी तिने शेवटच्या पानावर तो पूर्ण लिहिला, पिनकोडसह.

मुलाखतीच्या दिवशी पाऊस होताच. पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून साध्या दप्तरात ठेवली होती. या वेळी मुलाखत बाईंनी घेतली. त्यांनी पहिली दोन पाने भराभर उलटली, मग हात मंदावला. लग्नपत्रिकेच्या पानांवर त्या बराच वेळ थांबल्या आणि निम्म्या पाकळ्या का काढल्या, असे त्यांनी विचारले. तिने सांगितले. मग त्यांनी पुस्तिका मिटली आणि तिच्या पाठीवरून बोट फिरवले.

“ही शिवण कोठे करून घेतली?”

तिने शेवटचे पान उघडून दाखवले. तेथे पत्त्याच्या वर बारीक अक्षरांत लिहिले होते: बांधणी, आणि पुढे अब्बांचे नाव.

दहा दिवसांनी तिला कामावर बोलावणे आले. सहा महिने उमेदवारी करायची आहे. तिला मिळालेले पहिले काम होते औषधाच्या एका खोक्यावरची बारीक मराठी अक्षरे तपासण्याचे. त्यातही एके ठिकाणी रफार घसरलेला होता.